आवाज घुमतो, आवाज उशिरा येतो : दोष खोलीचा की संगणकाचा?

एक काळ असा होता की पेढीवर थान उलगडायचे, गिऱ्हाइकाने कापड बोटांत धरून पाहायचे आणि भाव तोंडी ठरायचा. आज तोच माल मोबाईलच्या पडद्यावर दाखवला जातो. त्याचा पन्हा, रंग, भाव आणि माल पोहोचवण्याची मुदत रेकॉर्ड केलेल्या आवाजात सांगितली जाते. सेलची जाहिरात रिक्षावर वाजते, तीही कुणीतरी संगणकावर रेकॉर्ड केलेली असते. दुकानाची चित्रफीत, कारखान्याची माहिती, बाहेरगावच्या आडत्याला पाठवलेला निरोप, सगळीकडे आवाज लागतो. म्हणजे आवाज हाही आता मालाचाच एक भाग झाला आहे.

आणि इथेच नुकसान होते. घुमणाऱ्या आवाजात सर्वांत आधी शब्दाच्या शेवटची अक्षरे पुसली जातात. ‘सात’ आणि ‘साठ’ यांत फरक फक्त शेवटच्या अक्षराचा आहे. भाव मीटरमागे साठ सांगितला की सत्तर, थान सात मागवले की साठ, याचा गोंधळ झाला तर भांडण माइकशी होत नाही, माणसाशी होते. वर्षानुवर्षांचा व्यवहार अशा क्षुल्लक कारणाने बिघडू शकतो.

अशा वेळी आपल्याकडे सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे नवा माइक विकत आणणे. आमच्या माहितीतल्या एका होजिअरीवाल्याने हेच केले. आवाज घुमतो म्हणून तो एका दुकानात गेला. दुकानदाराने काही न विचारता महागडा माइक हातात दिला. घरी आणून लावला तर आवाज पूर्वीपेक्षा जास्त घुमू लागला. कारण सरळ होते. नवा माइक जास्त संवेदनशील होता. जुना माइक फक्त तोंडचा आवाज कसाबसा पकडत होता, नवा माइक समोरच्या भिंतीवरून परत आलेला आवाजही बारकाईने पकडू लागला. दोष खोलीत होता आणि पैसे माइकवर गेले.

आम्ही कापडवाले सूत आहे की पॉलिस्टर, हे किंमत बघून ठरवत नाही. एक धागा ओढून जाळून पाहतो. कागद जळल्यासारखा वास येऊन राख झाली तर सूत, वितळून कडक गोळी झाली तर पॉलिस्टर. आवाजाच्या बाबतीतही अशीच एक साधी परीक्षा आहे आणि तिला एक पैसा लागत नाही. ती सांगण्याआधी दोन गोष्टींतला फरक समजून घेऊ.

घुमणे वेगळे, ताखीर वेगळी

उर्दूत ज्याला बाजगश्त म्हणतात, त्याला मराठीत प्रतिध्वनी. तोंडातून निघालेला आवाज भिंतीवर आपटून परत येतो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात दिलेले असते की स्पष्ट, सुटा प्रतिध्वनी ऐकू येण्यासाठी भिंत किमान १७ मीटर लांब हवी. आपल्या खोल्या एवढ्या मोठ्या कुठे? लहान खोलीत आवाज भिंत, छत, फरशी यांवर पुन्हा पुन्हा आपटतो आणि ते सारे परतलेले आवाज एकमेकांत मिसळून एक शेपूट तयार होते. यालाच आपण ‘घुमणे’ म्हणतो. विजापूरचा गोल घुमट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना आवाज परत परत येणे म्हणजे काय हे सांगायला नको. लहान खोलीत तीच गोष्ट लहान प्रमाणावर होते.

दुसरी गोष्ट ताखीर, म्हणजे विलंब. संगणकाच्या भाषेत तिला लेटन्सी म्हणतात. माइकमधून गेलेला आवाज संगणकाच्या आत आकड्यांत बदलतो, प्रोग्रॅममधून जातो, पुन्हा आवाजात बदलतो आणि हेडफोनमधून कानावर येतो. या प्रवासाला वेळ लागतो. आपला स्वतःचा आवाज बोलता बोलता कानात उशिरा आला की जीभ अडखळते. बर्नार्ड ली या अमेरिकन संशोधकाने १९५० साली ही गोष्ट दाखवून दिली. सेकंदाच्या पाचव्या भागाइतका, म्हणजे २०० मिलिसेकंदांच्या आसपास उशीर झाला तर चांगला बोलणारा माणूसही तोतरा बोलू लागतो. तेव्हा रेकॉर्डिंगला बसलेला पोरगा अडखळतो म्हणून त्याला रागावण्यापूर्वी त्याच्या कानात काय येते आहे ते पाहावे.

दहा सेकंदांची परीक्षा

आता परीक्षा. संगणकाचे स्पीकर पूर्ण बंद करा. वायरवाला हेडफोन लावा, ब्लूटूथवाला नको. रेकॉर्डिंग सुरू करा, एक वाक्य बोला, मग एकदाच जोरात टाळी वाजवा आणि पाच सेकंद गप्प बसा. रेकॉर्डिंग थांबवून ऐका. पडद्यावर उमटलेली आवाजाची रेषाही नीट पाहा.

निकाल चार प्रकारचे येतात. पहिला प्रकार : बोलताना कानात आवाज दुप्पट येत होता, पण रेकॉर्डिंग ऐकले तर ते स्वच्छ आहे. म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये काहीच दोष नाही, दोष फक्त ऐकण्याच्या वाटेत आहे. दुसरा प्रकार : रेकॉर्डिंगमध्ये टाळीनंतर हळूहळू विरणारी शेपटी दिसते. हा खोलीचा दोष. तिसरा प्रकार : टाळीनंतर थोडी मोकळी जागा आणि मग तशीच दुसरी, कधी तिसरी टाळी, सारख्या अंतरावर. हा यंत्राचा दोष, भिंतीचा नव्हे. लहान खोलीतली भिंत अशी सुटी टाळी परत देत नाही. चौथा प्रकार : स्पीकर बंद असताना सगळे ठीक, पण स्पीकर लावताच घुमणे सुरू. म्हणजे स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो आहे. हेडफोन वापरला की हा प्रश्न तिथेच संपतो.

एवढे ठरले की निम्मे काम झाले. आता एकेक दोष घेऊ.

खोलीचा दोष : औषध आपल्याच दुकानात

खोलीचे घुमणे कशाने कमी होते याचा शोध कापडाच्या साहाय्याने लागला, हे आपल्या धंद्यातल्या लोकांना वाचून बरे वाटेल. १८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह बांधले गेले. त्यात बोललेला शब्द साडेपाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही, त्यामुळे व्याख्यान समजेनासे झाले. वॉलेस सेबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला हे काम सोपवले गेले. त्याने जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या एकेक करून व्याख्यानगृहात मांडल्या आणि दर वेळी घुमण्याचा काळ मोजला. गाद्या वाढत गेल्या तसे घुमणे कमी होत गेले. त्यातून त्याने हिशोब बसवला की खोली जितकी मोठी तितके घुमणे जास्त, आणि आवाज शोषणारी वस्तू जितकी जास्त तितके घुमणे कमी. १९०० साली उघडलेले बोस्टनचे सिम्फनी हॉल याच हिशोबावर बांधले गेले. शोषणाच्या मापाला आजही त्याच्या नावावरून सेबिन म्हणतात.

आता आपण आपल्या घरात रेकॉर्डिंग कुठे करतो ते बघा. चकचकीत टाइल्स, काचेची खिडकी, रंगवलेली गुळगुळीत भिंत, मधे एक लाकडी टेबल. आवाजाला बसायला जागाच नाही. उलट कापडाच्या दुकानात किंवा गोदामात, जिथे तिन्ही भिंतींना थाने लावलेली असतात, तिथे जाऊन एक टाळी वाजवा. ती तिथल्या तिथे मरते. म्हणजे रजया, गाद्या किंवा कापड विकणाऱ्याला रेकॉर्डिंगची खोली बांधायची गरज नाही, ती त्याच्याकडे तयार आहे. फक्त माइक तिकडे नेला पाहिजे.

ज्यांच्याकडे गोदाम नाही त्यांनी इतके करावे. फरशीवर सतरंजी किंवा जाजम अंथरावे. बोलणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना जाड रजया किंवा गोधड्या टांगाव्यात. माइकचे तोंड बोलणाऱ्याकडे असते, म्हणून बोलणाऱ्याच्या पाठीमागची भिंत सर्वांत महत्त्वाची. कापड भिंतीला चिकटवून लावू नये, १० ते १५ सेंटिमीटर अंतर सोडून आणि चुण्या घालून टांगावे, म्हणजे त्याच कापडात जास्त काम होते. पातळ पडदा फक्त बारीक, तीक्ष्ण आवाज शोषतो. जाड, खर्जाचा आवाज त्याला जुमानत नाही आणि मग आवाज दाबल्यासारखा, पिंपातून आल्यासारखा लागतो. म्हणून कापड जाड हवे. टेबलावर माइकखाली घडी केलेला टॉवेल ठेवावा, कारण टेबलाचा पृष्ठभागही आवाज परतवतो.

अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला लावण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. त्याचा उपयोग फार थोडा होतो आणि कागद असल्यामुळे आगीची भीती मात्र राहते. टांगलेल्या कापडाजवळ उघडा दिवा, गरम होणारा बल्ब किंवा लोंबणाऱ्या वायरी ठेवू नयेत, हे कापडवाल्यांना निराळे सांगण्याची गरज नसावी.

याहून स्वस्त उपाय म्हणजे अंतर. माइक तोंडापासून एक वीतभर, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटरवर ठेवा. अंतर निम्मे केले की तोंडचा सरळ आवाज माइकला दुप्पट जोराने, म्हणजे ६ डेसिबल जास्त पोहोचतो, पण खोलीचे घुमणे तेवढेच राहते. मग माइकची पातळी तेवढी खाली घ्यावी. एक मीटर लांब ठेवलेला महागडा माइक एका वितीवर ठेवलेल्या साध्या माइकपुढे हरतो. ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना फुंकर बसत असेल तर माइक तोंडाच्या किंचित बाजूला धरावा. माइकची बाजूही पाहावी. अनेक यूएसबी माइकमध्ये टोकाकडून नव्हे, समोरच्या बाजूने बोलायचे असते.

एक गोष्ट मात्र कापडाने होत नाही. कापड आवाज शोषते, अडवत नाही. शेजारी माग चालू असतील तर त्यांचा खडखडाट रजईने थांबणार नाही. त्याला जाड विटांची भिंतच लागते. अशा वस्तीत वेळ साधणे हाच उपाय. मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात. तिथल्या माणसाने रेकॉर्डिंगसाठी तोच दिवस धरावा. आवाजातली खरखर कमी करणारे प्रोग्रॅम मिळतात. ते पंख्याच्या एकसारख्या घूं घूं आवाजावर चालतात, पण घुमण्यावर त्यांचा इलाज फारसा चालत नाही. घुमणे रेकॉर्ड होण्यापूर्वीच थांबवले पाहिजे.

यंत्राचा दोष : आवाजाला दोन वाटा

टाळी सुटी सुटी, सारख्या अंतरावर परत येत असेल किंवा कानात आवाज दुप्पट येत असेल, तर एकच आवाज दोन वाटांनी फिरतो आहे असे समजावे. या वाटा ठरलेल्या आहेत. त्या एकेक करून बंद कराव्यात आणि प्रत्येक वेळी पुन्हा परीक्षा घ्यावी. एकदम चार बटणे फिरवली तर कशाने गुण आला ते कळत नाही.

पहिली वाट विंडोजमध्येच असते. आवाजाच्या जुन्या सेटिंगमध्ये रेकॉर्डिंग या पानावर आपला माइक निवडला की ‘लिसन’ नावाचे पान येते. तिथे ‘लिसन टू धिस डिव्हाइस’ या चौकटीत खूण असेल तर ती काढावी. ही खूण असली की माइकचा आवाज सतत स्पीकरवर जातो.

दुसरी वाट म्हणजे रेकॉर्डिंगसाठी माइकऐवजी ‘स्टिरिओ मिक्स’ निवडलेले असणे. त्यात संगणकातून बाहेर जाणारा सगळा आवाज रेकॉर्ड होतो. माइकच निवडावा.

तिसरी वाट रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये असते. ऑडॅसिटी हा २००० सालापासून फुकट मिळणारा प्रोग्रॅम आपल्याकडे पुष्कळ जण वापरतात. त्यात रेकॉर्ड होणारा आवाज लगेच परत ऐकवण्याची सोय आहे. ती चालू असेल तर बंद करावी. ज्यांनी माइकसाठी वेगळी पेटी, म्हणजे ऑडिओ इंटरफेस घेतली आहे, त्यांच्या पेटीवर बहुधा ‘डायरेक्ट मॉनिटर’ असे बटण असते. त्याने माइकचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनवर येतो, म्हणून उशीर जाणवतच नाही. पण तेच बटण चालू आणि प्रोग्रॅममधले ऐकवणेही चालू, असे झाले की एक आवाज लगेच आणि दुसरा उशिरा येतो. दोन्हींपैकी एकच ठेवावे. थेटवाला ठेवणे चांगले.

चौथी गोष्ट, माइकच्या सेटिंगमधली ‘ऑडिओ एन्हान्समेंट’ ही सुधारणा. ती फोनच्या बोलण्यासाठी ठीक असते, रेकॉर्डिंगच्या वेळी बंद ठेवावी.

ताखिरीचा हिशोब

ज्याला फक्त बोलून जाहिरात रेकॉर्ड करायची आहे, त्याने वरची वाट बंद केली की ताखिरीची काळजी सोडून द्यावी. उशिरा ऐकू येणे रेकॉर्डिंग बिघडवत नाही, ते फक्त बोलणाऱ्याला त्रास देते. पण ज्याला स्वतःचा आवाज संगणकातूनच ऐकायचा आहे, त्याने बफर समजून घ्यावा.

संगणक आवाजाचे सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० तुकडे करतो. चित्रफितीसाठी बहुधा ४८,००० वापरतात. हे तुकडे एकेक करून पाठवले जात नाहीत. टेम्पो भरला की रवाना होतो तसे ठरावीक संख्येचे गठ्ठे करून पाठवले जातात. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. टेम्पो मोठा असेल तर पहिल्या थानाला शेवटचे थान चढेपर्यंत थांबावे लागते. ४८,००० च्या हिशोबाने १२८ तुकड्यांच्या गठ्ठ्याला २.७ मिलिसेकंद, २५६ ला ५.३, ५१२ ला १०.७ आणि १,०२४ ला २१.३ मिलिसेकंद लागतात. जाताना एक गठ्ठा आणि येताना एक, म्हणजे हा काळ दुप्पट धरावा, शिवाय यंत्राचा स्वतःचा थोडा वेळ वेगळा. १० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे साडेतीन मीटरवर उभ्या माणसाचे बोलणे ऐकण्यासारखे आहे, तो सहसा खटकत नाही. ४० च्या पुढे गेला की खटकू लागतो.

मग बफर अगदी लहान का ठेवू नये? टेम्पो लहान केला तर फेऱ्या वाढतात. संगणक जुना किंवा कामात गुंतलेला असेल तर एखादी फेरी चुकते आणि आवाजात तडतड ऐकू येते. म्हणून रेकॉर्ड करताना १२८ किंवा २५६ ठेवावे, तडतड आली तर एक पायरी वर जावे, आणि नंतर आवाज कापताना, जुळवताना १,०२४ केले तरी चालते. रेकॉर्डिंगच्या वेळी बाकीचे प्रोग्रॅम बंद करावेत आणि लॅपटॉप बॅटरीवर न चालवता वीज जोडून चालवावा.

विंडोजवर आवाजाची ने-आण करणाऱ्या जुन्या पद्धतीला एमएमई म्हणतात. ती संथ आहे. ऑडॅसिटीत तिच्याऐवजी वासापी निवडून पाहावे. इंटरफेस घेतला असेल तर त्याच्या कंपनीचा अॅसिओ ड्रायव्हर बसवावा. अॅसिओ ही पद्धत जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली खास या ताखिरीसाठीच आणली आणि जी रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअरे ती ओळखतात त्यांत ती उत्तम चालते.

ब्लूटूथचा हेडफोन मात्र रेकॉर्डिंगच्या वेळी दूरच ठेवावा. त्यात आवाज दाबून, बांधून हवेतून पाठवला जातो आणि पलीकडे सोडला जातो. या कामात १०० ते ३०० मिलिसेकंद सहज जातात. बफर कितीही कमी केला तरी हा उशीर हटत नाही. शिवाय त्याचाच माइक वापरला तर आवाजाचा दर्जा फोनच्या पातळीवर उतरतो. साधा वायरचा इअरफोन इथे सरस ठरतो.

वाजणाऱ्या संगीतावर बोलायचे असेल तर

मागे संगीत किंवा आधी रेकॉर्ड केलेला आवाज चालू ठेवून त्यावर बोलायचे असेल, तर ताखीर रेकॉर्डिंगमध्ये उतरते. नवा आवाज जुन्याच्या मागे पडतो. यावर ऑडॅसिटीत ‘लेटन्सी कॉम्पेन्सेशन’ नावाचा आकडा आहे. तो मुळात उणे १३० मिलिसेकंद ठेवलेला असतो, पण प्रत्येक संगणकाचा आकडा निराळा असतो. तो काढण्याची रीत सोपी आहे. हा आकडा शून्य करावा. पहिल्या पट्टीवर टिकटिक तयार करावी. हेडफोनचा एक कान माइकला चिकटवून दुसऱ्या पट्टीवर तीच टिकटिक रेकॉर्ड करावी. दोन टिकटिकींमधले अंतर मोजावे. ते ९० मिलिसेकंद आले तर त्या जागी उणे ९० लिहावे. पुन्हा एकदा रेकॉर्ड करून दोन्ही टिकटिकी एकाखाली एक येतात का ते तपासावे. माइक, हेडफोन किंवा बफर बदलला की ही मोजणी पुन्हा करावी.

समोरच्याला आवाज परत ऐकू येत असेल तर

रेकॉर्डिंग नसून संगणकावरून व्यापाऱ्याशी बोलणे चालू असेल, तर एक नियम लक्षात ठेवावा. ज्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो, त्याच्या यंत्रात सहसा दोष नसतो. दोष पलीकडच्या टोकाला असतो. तिथे त्याचा आवाज स्पीकरमधून निघून माइकमध्ये शिरतो आणि परत येतो. म्हणून गिऱ्हाईक म्हणाले की ‘शेठ, माझाच आवाज येतोय’, तर आपण आपला स्पीकर बंद करून इअरफोन लावावा.

खर्चाचा क्रम

सारांश असा की खिशात हात घालण्यापूर्वी क्रम पाळावा. आधी टाळीची परीक्षा. मग स्पीकर बंद आणि वायरचा इअरफोन. मग माइक एका वितीवर. मग गोदाम किंवा रजया. मग दुहेरी वाटा बंद करणे. मग बफर. इथपर्यंत खर्च जवळपास शून्य आहे आणि बहुतेकांचे काम इथेच होते. एवढे करूनही संगणकातूनच आपला आवाज ताबडतोब ऐकण्याची गरज राहिली, तरच डायरेक्ट मॉनिटरचे बटण असलेला साधा इंटरफेस घ्यावा. नवा माइक सर्वांत शेवटी.

दुकानात माइक किंवा इंटरफेस दाखवला तर विक्रेत्याला आपल्या टाळीचे रेकॉर्डिंग ऐकवावे आणि विचारावे की यातला दोष या वस्तूने कसा जाईल. जाणकार असेल तर तो समजावून सांगेल. नुसता भाव सांगू लागला, तर उठून यावे.

आणि भाव, नग व तारीख रेकॉर्ड करताना आकडा दोनदा, दोन रीतींनी सांगावा : ‘साठ, म्हणजे सहा दहा’. आवाज कितीही स्वच्छ असला तरी आकड्यांच्या बाबतीत ही सवय व्यापाऱ्याला फायद्याचीच आहे.